फटफटीचे आवाज

आपल्या भाषेत काही वस्तूंची नावं त्यांच्या आवाजावरून पडली आहेत. फटफटी हे त्यातलं एक. माझ्या लहानपणी शिवाजी पेठेत मोटारसायकल असं फारसं कुणी म्हणत नसे. उभ्या मारुतीच्या बाजूने फटफट आवाज आला की पोरं दारात जमत आणि घरातली म्हातारी माणसं आतूनच विचारत, "कुणाची रे फटफटी?" गाडी दिसायच्या आधी आवाजावरून ती कुणाची हे ओळखायचं, अशी रीतच होती. डॉक्टरांची वेगळी, फौजदाराची वेगळी. पेठेत फटफट्या होत्याच मुळी बोटांवर मोजण्याएवढ्या.

आता ते नाव गेलं. 'बाईक' आली, नाहीतर नुसतीच 'गाडी'. आणि गंमत अशी, की ज्या वाहनाचं नावच आपण आवाजावरून ठेवलं, त्याच्याबद्दलची आजची पहिली तक्रार "आवाज करते" ही असते.

हे सुचायला निमित्त झालं आमच्या नातवाचं. दसऱ्याला त्याने नवी मोटारसायकल घेतली. अंबाबाईला नेऊन आणली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, सगळं झालं. दोन-तीन आठवड्यांनी म्हणाला, "आजी, गाडी आवाज करत्या." एक नव्हे, तीन आवाज. किल्ली फिरवली की सीटखालून 'झूंऽ' असा. गाडी बंद करून लावली की 'टिक टिक टिक' असा. आणि चालताना मागच्या बाजूने 'खर्रर्र' असा, तो मात्र कधी येतो, कधी येत नाही. जिथून त्याने गाडी आणली तिथल्या मुलाने "सगळ्याच गाड्यांना येतो" म्हणून वाटेला लावलं होतं. नातवाचं म्हणणं एकच. "पूर्ण पैसे मोजलेत, मग नव्या गाडीला आवाज का यावा?"

मी काही मेस्त्री नाही. शाळेत इतिहास शिकवला, तोही मराठीतून. पण त्याचं ते वाक्य ऐकलं आणि वाटलं, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. नवी गाडी म्हणजे बिनआवाजाची, बिनकामाची गाडी, ही समजूत कधीपासून आली? माझ्या तरुणपणी तरी ती नव्हती.

आमच्या कोल्हापूरच्या माणसाचा कान मुळात मोटारसायकलवर तयार झाला नाही. तो तयार झाला इंजिनांवर. विहिरीवरचं, नदीकाठचं ऑइल इंजिन आणि गुऱ्हाळातल्या चरकाला जोडलेलं इंजिन, यांच्या एकसुरी ठोक्यावर इकडचे कित्येक संसार चालले. रात्री ठोका जरा चुकला तरी झोपेतला शेतकरी उठून बसे, असं आमच्याकडे सांगत. या भागात यंत्रं आणणाऱ्यांची परंपराही मोठी. मुंबईला व्हीजेटीआयमध्ये यंत्रांची ड्रॉइंग शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हेही मास्तरच. १८८८ साली बेळगावात त्यांचं सायकलचं दुकान निघालं आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली.

खुद्द कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा बाहेरून विकत न आणता इथेच बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला, हे तर सर्वांना ठाऊक आहे. शिवाजी उद्यमनगरात म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं अजून आदराने घेतली जातात. उद्यमनगरातल्या छोट्या छोट्या शेडमधून पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींपर्यंत फाउंड्र्या पसरल्या आणि आज देशभरातल्या गाड्यांच्या इंजिनांचे ओतीव भाग इथून जातात. सांगायचा मुद्दा असा, की यंत्र उघडून बघायचं आणि कान लावून ऐकायचं, हे या गावाला नवीन नाही. बोटात मावेल एवढा स्क्रू-ड्रायव्हर इंजिनला टेकवून त्याची मूठ कानाला लावणारे मेस्त्री मी स्वतः पाहिलेत. डॉक्टरांच्या नळीसारखाच तो प्रकार. धातूतून आवाज स्वच्छ येतो आणि कुठल्या भागात दुखतंय ते कळतं.

मोटारसायकली आपल्या देशात बनू लागल्या त्या स्वातंत्र्यानंतर. १९५५ साली मद्रास मोटर्सने इंग्लंडच्या रॉयल एन्फिल्डशी भागीदारी केली आणि मद्रासजवळ बुलेट तयार होऊ लागली. लष्कराला आणि पोलिसांना ती हवी होती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरच्या आयडियल जावाने चेकोस्लोव्हाकियातली जावा इथे बनवायला घेतली. तिलाच पुढे सत्तरच्या दशकात येझदी म्हणू लागले. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडमधल्या गाडीवरून राजदूत काढली. या तिघींचा आवाज तीन तऱ्हांचा. बुलेटचा संथ, एकेक ठोका मोजता येईल असा. जावाचा दोन नळ्यांतून येणारा, भरीव. राजदूतचा कोरडा, फटफट. १९६३ साली जिल्हा दूध संघ म्हणजे आपला गोकुळ स्थापन झाला आणि दुधाचा धंदा वाढला, तेव्हा दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली राजदूत हे पहाटेच्या रस्त्यावरचं नेहमीचं चित्र झालं.

या गाड्या घेणाऱ्याला दुकानदार किल्लीबरोबर कामंही देत असे. जावा आणि राजदूत टू-स्ट्रोक, म्हणजे इंजिनला लागणारं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पंपावर माप धरून ते ओतायचं आणि गाडी हलवून एकजीव करायचं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर धूर आणि काजळी. ती काजळी सायलेन्सरमध्ये, पिस्टनच्या माथ्यावर साठत जाई. मग सायलेन्सर काढायचा, आतली नळी विस्तवात भाजून खरवडायची. आवाज 'दबला' की काजळी झाली हे मालकाला समजे. प्लगला ठिणगी देणाऱ्या पॉइंटमधली फट पातळ पत्तीने मोजून लावायची. बुलेट सुरू करणं म्हणजे तर एक विद्याच होती. डिकॉम्प्रेसरचा खटका दाबून, अँपिअरच्या काट्यावर नजर ठेवून पिस्टन नेमक्या जागी आणायचा आणि मग किक मारायची. अंदाज चुकला तर किक उलटी येऊन पिंढरीवर बसे. अशी पिंढरी चोळत बसलेले फौजदार मी पाहिलेत.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे 'रनिंग'. नवी गाडी पहिले हजारभर किलोमीटर ताशी चाळीसच्या पुढे न्यायची नाही, एकाच वेगात ताणायची नाही, चढावर दमवायची नाही. त्या काळी पिस्टन, त्याच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत हे भाग कारखान्यातून पूर्ण गुळगुळीत होऊन येत नसत. एकमेकांवर घासून त्यांना बसायला वेळ द्यावा लागे. म्हणजे गाडीचं शेवटचं काम मालकाच्या हातून रस्त्यावर पुरं होत असे. नव्या गाडीचा आवाज जुनीपेक्षा कर्कश असायचा आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. महिन्या-दोन महिन्यांनी "आता गाडी मोकळी झाली" असं मालक कौतुकाने सांगे. चांगल्या चालवलेल्या, 'मोकळ्या' गाडीला लोक नव्यापेक्षा जास्त मान देत. आजच्या पोरांना हे खरंच वाटणार नाही.

आम्हा बायकांच्या वाट्याला यातलं काही यायचं कारण नव्हतं. पण १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना आणली. पन्नास सीसीची, पायडल असलेली, सायकल येणाऱ्या कुणालाही चालवता येईल अशी. शिक्षिका, नर्सबाई, पोस्टातल्या बाई लुनावरून कामाला जाऊ लागल्या. मीही गेले. त्या लुनाने आम्हाला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे रिक्षाची वाट बघणं संपलं. दुसरी म्हणजे पर्समधला प्लग पाना. टू-स्ट्रोकचा प्लग ओला व्हायचा, काळा पडायचा. गाडी 'फट... फट... फुस' करू लागली की रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, रुमालाने पुसायचा आणि परत लावायचा. सुरुवातीला येणारे-जाणारे थांबून बघत. पुढे बघेनासे झाले. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात याची नोंद कुणी करणार नाही, पण प्लग स्वतः बदलता येणं हे तेव्हा लहान काम नव्हतं. त्याच १९७२ साली बजाजची चेतक आली. तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे आणि आली की सकाळी एका बाजूला वाकवून सुरू करावी लागे. तिची गोष्ट वेगळी लिहीन कधीतरी.

बदल झाला तो १९८४ ते १९८६ या तीन वर्षांत. सरकारने परदेशी कंपन्यांशी करार करायला वाट मोकळी केली आणि जपानी बनावटीच्या शंभर सीसीच्या गाड्या रांगेने आल्या. १९८४ ला इंड-सुझुकी, १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००, १९८६ ला कावासाकी बजाज. आरएक्स १०० ही टू-स्ट्रोकच, पण तिला ऑइलची टाकी वेगळी होती आणि मिसळायचं काम पंप करत असे. म्हणजे मालकाचं एक काम गेलं. तिचा तो झिणझिणता आवाज मात्र पोरांनी असा डोक्यावर घेतला, की १९९६ मध्ये गाडी बंद झाली तरी आजही ती जपणारे, आवाजावरून तिचं साल सांगणारे लोक आहेत.

पण खरा फरक केला सीडी १०० ने. ती फोर-स्ट्रोक. ऑइल इंजिनच्या तळात, पेट्रोलशी त्याचा संबंध नाही. धूर नाही, काजळी नाही, पॉइंट नाहीत. तिची जाहिरातच अशी होती, की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. त्या आधी कुठल्याही यंत्राबद्दल 'विसरून जा' हे कुणी अभिमानाने सांगितलं नव्हतं. कंपनीला पेट्रोल कमी लागतं एवढंच म्हणायचं असेल. लोकांनी मात्र ते गाडीबद्दलच घेतलं. मला वाटतं, नातवाच्या प्रश्नाचं मूळ या ठिकाणी आहे. नवी गाडी म्हणजे पुरी झालेली गाडी, तिच्याकडे बघायचं कारण नाही, ही समजूत त्या पाच-दहा वर्षांत रुजली. पुढे १९९४ साली स्प्लेंडर आली आणि घरोघर पोचली. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. गाड्या खरोखरच चांगल्या होत्या. ज्यांची रोजची मजुरी गाडी वेळेवर सुरू होण्यावर अवलंबून होती, त्यांना या गाड्यांनी मोठा आधार दिला. फक्त कान रिकामा झाला, एवढंच.

त्यानंतरचे बदल धुराच्या कायद्यांनी घडवले. २००० सालापासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली हळूहळू बाजारातून गेल्या. १ एप्रिल २०१७ पासून बीएस ४ लागू झालं. सर्वोच्च न्यायालयाने दोन-तीन दिवस आधी जुन्या बीएस ३ गाड्यांची विक्री थांबवण्याचा आदेश दिला, तेव्हा ३० आणि ३१ मार्चला शोरूमबाहेर स्वस्तात गाडी घ्यायला लोकांच्या रांगा लागल्या होत्या, आठवतंय ना? मग १ एप्रिल २०२० ला, ऐन लॉकडाऊनमध्ये बीएस ६ आलं. त्याने कार्ब्युरेटर जवळजवळ संपवला. आता पेट्रोल किती सोडायचं ते इंजिनवरचा एक छोटा संगणक ठरवतो आणि पंप ते दाबाने फवारतो.

कार्ब्युरेटर होता तेव्हा पेठेतला कुठलाही मेस्त्री एका स्क्रू-ड्रायव्हरने गाडीचा सूर लावू शकत असे. स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, मान तिरकी, डोळे अर्धवट मिटलेले. सतार लावणाऱ्या माणसात आणि त्याच्यात मला फारसा फरक दिसत नसे. आज बिघाड झाला की मीटरवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि तो का लागला हे वाचायला स्कॅनर लागतो. आमच्या गल्लीच्या तोंडाला एक मेस्त्री आहेत. माझेच विद्यार्थी, आता साठीकडे आलेले. मला म्हणाले, "बाई, हात शिकलाय वो सगळा, पर आता गाडी हातासंगं बोलंना झाल्या. मशीनसंगंच बोलत्या." त्यांनी स्कॅनर घेतला आहे, मुलगा तो चालवतो. सगळ्यांना ते जमलेलं नाही. पेठेतल्या दोन-तीन जुन्या गॅरेजच्या जागी आता मोबाईलची दुकानं आहेत.

या हाताची आणि कानाची किंमत मात्र अधूनमधून कळते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेचा पूर शहरात शिरला. शाहूपुरीकडे, नागाळा पार्कच्या बाजूला पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी उतरल्यावर जी माणसं उत्साहाने बटण दाबून गाडी सुरू करायला गेली, त्यांनी हजारोंचा खड्डा पाडून घेतला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉडच वाकतो. आधी प्लग काढायचा, पाणी बाहेर जाऊ द्यायचं, दुधाळ झालेलं ऑइल बदलायचं आणि मगच सुरू करायची, हे जुन्या मेस्त्रींनी दारोदार सांगितलं, रात्रंदिवस बसून गाड्या उघडल्या. त्या आठवड्यात स्कॅनर कुणी विचारला नाही.

असो. आता नातवाच्या तीन आवाजांकडे येते.

इतिहासात कागद हाती आला की आम्ही विचारतो, हा कधीचा, कुठला, कशाच्या आधीचा आणि कशाच्या नंतरचा. गाडीच्या आवाजालाही हेच प्रश्न विचारायचे. थंड असताना येतो की तापल्यावर? उभ्या गाडीला येतो की चालताना? रेस वाढवली की वाढतो, की वेग वाढला की वाढतो? क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली, इंजिन मंद झालं, तरी आवाज तसाच राहिला तर तो इंजिनचा नव्हे. चाक, चेन किंवा ब्रेकचा. एवढी चौकशी घरबसल्या कुणालाही करता येते आणि ती केली की मेस्त्रींचं निम्मं काम होतं.

पहिला 'झूंऽ' म्हणजे पेट्रोलचा पंप. किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद तो दाब तयार करतो. तो आवाज नसेल तेव्हा काळजी करायची. दुसरी 'टिक टिक' म्हणजे तापलेला सायलेन्सर आणि त्यातला धूर शुद्ध करणारा डबा थंड होताना आकसतात, त्याचा आवाज. चुलीवरून उतरवलेला तवा करतो तसाच. हे दोन्ही आवाज गाडीचं बोलणं आहे, दुखणं नाही. असे आणखीही आहेत. एबीएस असलेल्या गाडीचा ब्रेक जोरात दाबला की लिव्हरला 'कर्रर्र' असे झटके बसतात. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, तेव्हा हे झटके बघून लोक घाबरून ब्रेक सोडून देत. सोडायचा नसतो, चाक घसरू नये म्हणून यंत्रणाच ते करत असते. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला डिस्क खरखरते, रात्रीत आलेला गंजाचा पातळ थर पुसला जातो आणि आवाज थांबतो.

तिसरा 'खर्रर्र' मात्र दुखणं होतं. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली, इंजिन बंद ठेवलं. मागचं चाक हाताने हळूहळू फिरवत चेन खालून बोटाने उचलून बघितली. कंपनीच्या पुस्तकात दोन-तीन सेंटिमीटर ढिलाई सांगितली होती, इथे ती जवळजवळ दुप्पट निघाली आणि चेन कव्हरला घासत होती. नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बसते, थोडी लांबते. यात अचंबा करण्यासारखं काही नाही. 'रनिंग' संपलं असं आपण म्हणतो, पण चेनचं ते अजून व्हायचंच असतं. ब्रेकच्या पॅडचं आणि टायरचंही. नवा टायर पहिले शंभरेक किलोमीटर गुळगुळीत असतो, ओल्या रस्त्यावर वळताना जपायचं असतं. "सगळ्याच गाड्यांना येतो" हे त्या मुलाचं म्हणणं खरंही असेल. पण सगळ्यांना येतो म्हणून तो बरा, असं होत नाही. ढिली चेन उतरून चाकात अडकली तर काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

गल्लीतल्या मेस्त्रींनी ती दहा मिनिटांत ताणून दिली आणि ताणताना नातवाला शेजारी बसवलं. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या यायला हव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं. चेन फार ताणली तरी वाईट, मग बेअरिंग 'घूंऽ' करू लागतं. पैसे घेतले नाहीत, "बाईंचा नातू" म्हणाले. मला तो हिशेब पसंत पडला नाही, मी नंतर पाठवून दिले.

आता घरच्या पोरांसाठी, म्हणजे पुण्यातल्या आणि बंगळूरच्या भाचरांसाठीही, चार गोष्टी लिहून ठेवते. पहिली सर्व्हिसिंग चुकवू नका. पाचशे ते हजार किलोमीटरच्या दरम्यान ती असते आणि त्यात ऑइल बदलतात. भाग एकमेकांवर बसताना निघालेला धातूचा बारीक कीस त्या पहिल्या ऑइलमधून बाहेर जातो. चेनला पाचशे किलोमीटरला एकदा साफ करून तेल द्या, पावसात भिजल्यावर लगेच द्या. आमच्याकडे उसाच्या ट्रॉल्यांमागून चिखलात गाडी गेली की पाचशेची वाट बघायची नसते. टायरमधली हवा आठवड्याला बघा, गाडी थंड असताना. ऑइलची पातळी गाडी सरळ उभी करून, सपाट जागेवर बघा. साइड स्टँडवर बघितलेली पातळी खोटी असते. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेमागे हलवल्यावर हँडलखाली 'टक' झालं तर कोनसेट ढिला आहे, चढावर रेस दिल्यावर इंजिनमधून खडे हलवल्यासारखा आवाज आला तर गिअर उतरवा आणि दाखवून घ्या. आणि महिनोन् महिने गाडी बंद ठेवू नका. २०२५ पासून पंपावर सर्रास मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, आपल्याच उसाचं आलं त्यात, पण ते हवेतलं पाणी ओढतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ते जास्त बाधतं.

एक विनंती मात्र कळकळीची. सायलेन्सर बदलून गाडीचा आवाज वाढवू नका. रंकाळ्यावर संध्याकाळी जे फटाके फोडत पोरं जातात, त्यांच्या बाबतीत म्हाताऱ्यांच्या कानांचा आणि कायद्याचा विषय तर आहेच. पण त्या आवाजाखाली चेनची, ब्रेकची, बेअरिंगची तक्रार पार बुडून जाते, याचा विचार कुणी करत नाही. इतरांना ऐकू जावी म्हणून गाडी ओरडवायची आणि तिचं आपल्याशी चाललेलं बोलणं बंद करायचं, याला काय म्हणावं?

पुढचा काळ तर विजेच्या गाड्यांचा. चेतक २०२० मध्ये विजेवर परत आली, लुनाही २०२४ मध्ये आली. इंजिन नाही, फटफट नाही. काही जण म्हणतात, आता ऐकायचं काय राहिलं? मला उलट वाटतं. इंजिन गप्प झालं की टायरचा, ब्रेकचा, बेअरिंगचा आवाज पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू येईल. चाकं आहेत आणि रस्त्यावर खड्डे आहेत, तोवर ही कामं कुठला संगणक आपल्यासाठी करणार नाही. गाडी बरी असताना तिचा रोजचा आवाज कानात बसवून ठेवायचा, म्हणजे बिघडलेला आपोआप टोचतो. हे जुन्या फटफटीला लागू होतं तितकंच या नव्यांनाही आहे.

तुमच्या घरी पहिली गाडी कुठली होती आणि ती कुठल्या आवाजावरून ओळखू यायची, ते जरूर लिहा. जावावाल्यांनी आणि लुनावाल्या मैत्रिणींनी तर लिहाच. या गोष्टी कुठल्याही पाठ्यपुस्तकात येणार नाहीत, आपणच लिहून ठेवल्या तर राहतील.